हळदीखालचा गाल

बाईजाने धवल्याची तिसरी ओळ उचलली आणि मांडवातल्या बायांनी मागून सूर धरला, पण हिराबाईचं लक्ष गाण्यात नव्हतं. ती पाटावर बसलेल्या आपल्या लेकीच्या डाव्या डोळ्याकडे बघत होती. सारिकाच्या त्या एकाच डोळ्यातून पाणी गळत होतं. उजवा डोळा कोरडा होता.

"रडतंस काय गो आतापासून?" एका चुलतीने चिडवलं. "टोकावड्याला तर जायचंय. सकाळची एसटी धरलीस तं दुपारी आयेच्या हातचं जेवायला येशील."

सगळ्या हसल्या. सारिकानेही हसायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबली. तोंडाचा डावा कोपरा उचललाच गेला नाही.

हिराबाईने हळदीच्या वाटीत बोटं बुडवली, कानामागे लावायचं निमित्त केलं आणि लेकीच्या कानाशी वाकली.

"दुखतंय?"

"आये, ठणकतंय. रात्रभर ठणकत होतं. आता आतून कोणी चिमटा धरून ठेवल्यासारखं झालंय."

"बर्फ लावलास?"

"दोनदा. तिनं सांगितला तसाच."

हिराबाईची बोटं हळदीसकट तशीच राहिली. बाईजा तिची नणंद आणि गावची धवलेरीण. लग्नातले सगळे विधी तिच्या तोंडच्या गाण्यांवर चालत. गाता गाता तिने भुवया उंचावून भावजयीकडे पाहिलं, म्हणजे आटप. हिराबाईने हात मागे घेतला. पोरीच्या चेहऱ्यावर, गळ्यावर, हातापायांवर हळदीचा जाड थर होता. त्या थराखाली काय चाललंय हे मांडवात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यांनाही पुरतं ठाऊक नव्हतं.

सारिका सहा वर्षांची असताना नाकाशेजारी गालावर गळू आलं होतं. हिराबाईने आठ दिवस पोटिसं बांधली. नवव्या दिवशी किन्हवलीच्या डॉक्टरने चीर दिली आणि हिराबाईला चार शब्द ऐकवले. गळू गेलं, जागेवर चिंचोक्याएवढा खळगा राहिला. पोर मोठी झाली, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला लागली, लग्न ठरलं. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेला फोटोग्राफर दर वेळी म्हणायचा, "ताई, उजवीकडून." घरी येऊन सारिकाने आरसा पालथा करून ठेवला होता.

मग एक दिवस तिने फोनवर मुरबाडच्या एका पार्लरची जाहिरात दाखवली. एका सुईत खळगा भरतो, त्याला फिलर म्हणतात, अर्ध्या तासाचं काम. हिराबाईने नाही म्हटलं नाही. तो खळगा आपल्याच हातचा, असं ती अठरा वर्षं मनात धरून होती. पहाटे देवापुढे दिवा लावल्याशिवाय कुणाशी न बोलणारी ही बाई काल घरात खोटं बोलली. ब्लाउज आणायला जातो म्हणून सांगून मायलेकी मुरबाडला गेल्या.

दुपारचे चार वाजले होते. पार्लरवालीने एकही प्रश्न विचारला नाही. फ्रीजमधून सुई काढली ती आधीच फोडलेल्या पाकिटातली. सारिका किंचाळली तेव्हा खळग्याभोवतीची कातडी चुना फासल्यासारखी पांढरी पडली. हिराबाईने ते डोळ्यांनी पाहिलं. "होतं असं," म्हणत बाईने अंगठ्याने ती जागा चोळली. हिराबाई शेजारच्या खुर्चीत बसून होती. ती गप्प बसली.

"काकी, नवरीला जरा पाणी देऊ?"

हिराबाई दचकली. संघरत्ना आली होती. ती बौद्धवाडीतली, सारिकाबरोबर दहावीपर्यंत एका बाकावर बसलेली. आता शहापूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. दुपारची ड्युटी, म्हणून सकाळीच आहेर घेऊन आली होती. तिने सारिकाच्या ओठांना पेला लावला. पाणी डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं.

संघरत्नाने पेला खाली ठेवला. "सारिका, माझ्याकडं बघ. तोंडाला काय झालाय?"

"काय नाय."

"मी रोज दहा पेशंट बघते. मला नको सांगू काय नाय."

सारिकाने आईकडे पाहिलं. हिराबाई उठली, लेकीला दंडाला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. संघरत्ना मागोमाग आली आणि तिने दार लोटलं. बाहेर गाणं अडखळलं.

सारिकाने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. संघरत्ना ओरडली नाही की तिने कपाळावर हात मारला नाही. तिचा चेहरा मात्र एकदम कामावरच्या बाईचा झाला.

"हळद धुवायला पायजे. आत्ता. खालची कातडी बघायचीय मला."

"हळद कोण धुतंय?" दार उघडून बाईजा उभी होती. मागे चार बाया. "हळद उतरवायची वेळ उद्याची. आन् आतापासून नवरी शिवेबाहेर जात नाय, तिच्या अंगाची हळद कोणी काढत नाय. माझ्या हातानं ऐंशी लग्नं लागलीत. कोणाची काढली नाय."

"आत्या, तुमच्या रीतीत मी हात घालत नाय," संघरत्ना म्हणाली. "पण तिच्या गालात काल कोणीतरी औषध टोचलंय. ते रक्ताच्या वाटेत अडकलं असलं तं पुढची कातडी उपाशी मरते. हळदीमुळं रंगच दिसत नाय कोणाला. काळी पडली तरी आपल्याला पिवळीच दिसेल."

"टोचलंय?" बाईजाने भावजयीकडे पाहिलं. "कोणी टोचलं? कवा?"

"काल. मुरबाडला. मीच घेऊन गेले होते, वन्सं."

बाहेर कोणीतरी ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. बाईजाने पदर कमरेला खोचला.

"कोमट पाणी आणा. उतरवायचीच तं मी उतरवीन. दुसऱ्या कोणाचा हात नको."

तिने पोरीचा चेहरा मांडीवर घेतला आणि फडकं भिजवून डावा गाल पुसू लागली. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की माफी मागत होती, हिराबाईला कळलं नाही. दोन फडकी पिवळी झाली. तिसऱ्याला गाल दिसला.

नाकाच्या बाजूपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत कातडी फिकट, मातकट झाली होती. त्या फिकटपणावर जांभळ्या रेषांची जाळी पसरलेली, कोळ्याने विणल्यासारखी. खळगा मात्र भरला होता. तेवढा एक नीट दिसत होता.

"नागीण हाय ही!" मागची एक बाई म्हणाली. "गेरू लावा. गेरूचा लेप दिला की जागच्या जागी थांबते."

"कायपण लावायचा नाय!" संघरत्नाचा आवाज पहिल्यांदा चढला. "काकी, तुमचा हात द्या." तिने हिराबाईचं बोट धरून सारिकाच्या उजव्या गालावर दाबलं आणि सोडलं. पांढरा ठसा उमटला आणि लगेच नाहीसा झाला. "बघितलंत? आता इथं. सोडल्यावर मोजा."

हिराबाईने डाव्या गालावर बोट दाबलं. कातडी गार लागली. बोट उचललं. एक. दोन. तीन. ठसा तसाच. चार. पाच. सहाला कडेने थोडा रंग आला, तोही जांभळा.

"दोन मोजायच्या आत रंग यायला पायजे," संघरत्ना म्हणाली आणि फोन काढला.

पहिला फोन पार्लरला लावून स्पीकरवर टाकला; हिराबाईने गालाचं सांगितलं. पलीकडून गोड आवाज आला, "मावशी, घाबरायचं काय त्यात? सूज असते दोन दिवस. बर्फ फिरवा. आणि डॉक्टरकडं नका पळू हं, ते लोक उगाच घाबरवतात."

"मॅडम, टोचलं काय ते सांगा. कंपनीचं नाव सांगा," संघरत्ना म्हणाली.

फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

दुसरा फोन शहापूरच्या कातडीच्या डॉक्टरणीला लागला. संघरत्ना भराभर बोलली. मग तिने हाही फोन स्पीकरवर टाकला.

"काल चार म्हणजे अठरा तास झाले," डॉक्टरणीचा आवाज आला. "अजून वेळ गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही. लगेच निघा. बर्फ बंद करा, त्यानं वाटा अजून आवळतात. कोमट फडकं ठेवा. आणि कोणीतरी त्या पार्लरात जा. डबा, त्यावरची चिकट पट्टी, काहीही मिळवा. एका जातीचं फिलर माझ्या औषधानं विरघळतं. दुसऱ्या जातीचं नाही विरघळत."

"आन् नाय विरघळलं तर?" हिराबाईने विचारलं.

"तुम्ही आधी निघा, मावशी."

मांडवात आता गाणं नव्हतं. सारिकाचा बाप लडकू दाराशी आला होता, खांद्यावर मांडवासाठीचे आंब्याचे टहाळे तसेच घेऊन. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तुला माहीत होतं?" त्याने बायकोला विचारलं.

"होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. हिराबाईला वाटलं, आता चार लोकांत आवाज चढेल, आणि तो चढला असता तर तिला बरंच वाटलं असतं. लडकूने टहाळे भिंतीला टेकवले.

"मंग गाडीत बस. भाविक, तू मोटारसायकल काढ. मुरबाड. डबा घेतल्याबिगर येऊ नको."

भाविक, सारिकाचा धाकटा भाऊ, चप्पल शोधत बसला नाही. अनवाणीच किक मारली.

नवरीसाठी झेंडूच्या माळा लावून ठेवलेली शेजारच्या रोशनची ईको व्हॅन दाराशी लागली. सारिका, हिराबाई, संघरत्ना बसल्या. शेवटी बाईजाही चढली. कोणी काही विचारलं नाही. शिवेवरच्या दगडाशी तिने रोशनला गाडी थांबवायला लावली, उतरली आणि कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढून सारिकाच्या मुठीत दिला.

"लोखंड हातात असू दे. सोडू नको." मग भावजयीकडे न बघता म्हणाली, "देवापुढचा दिवा मी बघते. तू पोरीला बघ."

गाडी निघाली. मागच्या काचेतून बाईजा दगडाशेजारी उभी दिसली, मग वळण आलं.

रस्ता खराब होता. खड्डा आला की सारिका दात आवळायची. हिराबाई थर्मासमधल्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून, गालावर ठेवत होती. दर वेळी उचलून रंग बघायची. दर वेळी तिला तो थोडा जास्त गडद वाटायचा, आणि ती ते बोलायची नाही.

"आये, खरं सांग. वाढलंय?"

"तेवढंच हाय."

"खोटं बोलतंस. तुला येत नाय खोटं बोलायला. काल बाबांना ब्लाउज सांगितलास तवा पण कान लाल झालेले तुझे."

संघरत्ना पुढच्या सीटवरून वळली. "तुला तिनं विचारलं होतं का, आधी कसला त्रास हाय, कसली गोळी चालू हाय? कागदावर सही घेतली? नवं पाकीट तुझ्यासमोर फोडलं?"

"नाय."

"ती डॉक्टर हाय का, हे तू विचारलंस?"

"तिनं कोर्स केलाय. भिंतीवर सर्टिफिकेट हाय, फ्रेम केलेलं."

"वाचलंस?"

हिराबाईने ते सर्टिफिकेट पाहिलं होतं. त्याला हार घातलेला होता. हार घातलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची तिच्या मनाला सवय नव्हती.

"आन् लग्नाच्या दोन दिवस आधी?" संघरत्ना म्हणाली. "चांगले डॉक्टरपण करत नाय असं. महिनाभर आधी करतात, काय झालंच तर निस्तरायला वेळ राहतो. मला एक फोन करायचा होतास गो."

"तू हसली असतीस."

"हसले असते. मग चांगल्या डॉक्टरकडं घेऊन गेले असते."

शहापूरला पोचायला पाऊण तास लागला. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. हळदीने माखलेली नवरी, हातात अडकित्ता, जिन्यावरचे लोक बाजूला झाले. डॉक्टरीण चाळिशीची, बारीक चणीची. तिने गालाकडे पाहिलं आणि गालाला हात लावण्याआधी सारिकाचा उजवा डोळा झाकला.

"समोर काय दिसतंय?"

"कॅलेंडर."

"खालची बारीक तारीख वाच. तिथी काय लिहिलीय?"

सारिकाने वाचली. डॉक्टरणीने थांबवून धरलेला श्वास सोडला. "डोळ्याकडं जाणारी वाट मोकळी आहे. नाकाजवळ टोचलं की ती पहिली भीती. आता गालाचं बघू."

तिने दाबून, मोजून, फोटो काढले. औषधाच्या दोन बाटल्या बाहेर काढल्या आणि विचारलं, "मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी खूप सूज आली होती? धाप लागली होती?"

सारिका नाही म्हणणार होती, तेवढ्यात हिराबाई बोलली. "आली होती. दहा वर्षांची असताना रानात मोहळ उठलं. दोन डंख झाले, पण तोंड सुजून डोळे मिटले होते. श्वास घरघरायचा."

डॉक्टरणीचा हात थांबला. "बरं झालं सांगितलंत. हे औषध अशा माणसाला सोसलं नाही तर जिवावर बेततं. आधी हातावर थेंबभर टोचून बघावं लागेल. वीस मिनिटं थांबू."

"वीस मिनिटं?" हिराबाईचा आवाज फाटला. "आन् तोवर गाल?"

"तोवर गालाला कोमट शेक. दुसरा इलाज नाही."

हाताच्या आतल्या बाजूला सुईने एक फुगवटा उठवला. टेबलावर, ते सोसलं नाही तर जीव वाचवायच्या दुसऱ्या औषधाची सुई भरून ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत नव्हता. हिराबाई फुगवट्याकडे बघायची, मग गालाकडे, मग परत फुगवट्याकडे. कशासाठी काय मागावं तेच तिला सुचेना. पोरीचा श्वास मागितला तर गाल जाईल, गाल मागितला तर श्वास. तिने काहीच मागितलं नाही. नुसते हात जोडून बसली.

तेवढ्यात सारिकाचा फोन वाजला. भाविकचा व्हिडिओ कॉल. चित्र हलत होतं.

"ताई, ही बाई म्हणते डबा नाय. कचऱ्यात गेला म्हणते. कचरा पण गेला म्हणते. इथं दोन पोरी बसल्यात, एकीच्या ओठाला मलम लावलंय. तिचा नंबर हाय आता."

"कसला मलम?" सारिकाने विचारलं.

"बधिर करायचा. ओठात भरणार हाय."

सारिका खुर्चीतच ताठ बसली. "भाऊ, फोन तिकडं फिरव. त्या पोरीसमोर धर."

पडद्यावर एक विशी-बाविशीची मुलगी आली, ओठ पांढऱ्या मलमाने माखलेले. सारिकाने फोन स्वतःच्या गालाजवळ नेला.

"बघ. काल चार वाजता याच खुर्चीत बसले होते. हे हळदीचं नाय, हे जांभळं. उद्या माझं लगीन हाय. तू तिला विचार, ती डॉक्टर हाय का. विचार, नवं पाकीट तुझ्यासमोर फोडते का. विचार, असं झालं तर विरघळवायचं औषध तिच्याकडं हाय का. तीन गोष्टी विचार गो, माझ्यासाठी नाय, तुझ्या तोंडासाठी."

मुलीने ओठावरचं मलम हाताच्या उलट्या बाजूने पुसलं. मागून पार्लरवालीचा आवाज आला, आता गोड नव्हता. "तू कोण गं माझं गिऱ्हाईक पळवणारी? भाऊ, फोन बंद कर. पोलिसांना बोलवीन!"

"बोलवा की," भाविक म्हणाला. "मी पण बसतो मग. दाराशी. अख्खा बाजार बघू दे."

दुसरी मुलगी उठली. पहिली विचारत होती, "मॅडम, खरंच डॉक्टर नाय तुमी?" खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कपाट जोरात उघडल्याचा. काहीतरी टेबलावर आपटलं. "घे! घे तुझा डबा आणि नीघ!"

दोन मिनिटांनी फोटो आला. डॉक्टरणीने तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"लिहिलंय ते विरघळणाऱ्या जातीचं आहे. पण बॅचचा नंबर खरवडलेला दिसतो. आयात करणाऱ्याचं नाव नाही. आत काय होतं ते डबाच जाणे." तिने सारिकाच्या हातावरचा फुगवटा पाहिला. तो वाढला नव्हता, लालही झाला नव्हता. "श्वास ठीक? खाज? घसा?"

"ठीक हाय."

"मग चला. दुखेल. एका जागी नाही, सगळ्या जाळीवर टोचावं लागेल."

हिराबाईने लेकीचा हात धरला. सारिकाच्या दुसऱ्या मुठीत अडकित्ता होता आणि तो तिने एवढा आवळला की नखं पांढरी झाली. सुई गेली, परत गेली, परत. सारिका ओरडली नाही. हिराबाईच्या तळहातावर मात्र तिच्या नखांचे चार चंद्र उमटले.

एक तास. दाबून मोजलं. सहा.

"काहीच नाय?" हिराबाई म्हणाली.

"अजून एक डोस. मग माझ्याकडचा साठा संपतो."

संघरत्ना उठली. "आमच्याकडं हाय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भूल लवकर पसरायला हेच वापरतो आमी. तुमी चिठ्ठी द्या, मी आमच्या सरांशी बोलते." चिठ्ठी घेऊन ती जिना उतरली तेव्हा तिची ड्युटी सुरू व्हायला दहा मिनिटं होती.

दुसरा डोस झाला. पाच. की सहा? हिराबाईला वाटलं पाच, डॉक्टरीण म्हणाली सहाच धरू. आशेने मोजलं की आकडा कमीच येतो, ती म्हणाली.

संघरत्ना बर्फाच्या डब्यात चार बाटल्या घेऊन आली. तिसरा डोस अडीच वाजता झाला. सारिका आता दमली होती. भिंतीला डोकं टेकून तिने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "आये, काल तू बघितला होतास. पांढरं झालेलं."

"बघितलं होतं."

"बोलली का नाय?"

हिराबाईने खूप उत्तरं मनात फिरवली. ती बाई शिकलेली वाटली. तिथं हार घातलेला होता. आपल्याला काय कळतं, असं वाटलं. यातलं एकही तिला पुरेसं खरं वाटेना.

"तुझा खळगा जाईल म्हणून," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यासमोरून तो एकदा जावा म्हणून. तुझ्यासाठी नाय, सारके. माझ्यासाठी."

सारिकाने डोळे उघडले, पण हात सोडला नाही.

साडेतीनला डॉक्टरणीने परत दाबलं. हिराबाई मोठ्याने मोजू लागली. एक. दोन. तीन. तिसऱ्याला ठशाच्या जागी रंग भरला, जांभळा नाही, तांबूस.

"परत," डॉक्टरीण म्हणाली.

एक. दोन. तीन.

नाकाजवळ, गालाच्या मध्यावर, सगळीकडे तीन. ओठाच्या कोपऱ्यावर मात्र आठपर्यंत मोजूनही काही हललं नाही. तिथे हरभऱ्याएवढी जागा काळसर झाली होती.

"एवढ्या जागेचं आज सांगता येत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "बाकीची जगली." तिने खिशातून पेन काढलं आणि त्या काळसर जागेच्या कडेने निळी रेघ आखली. "ही रेघ पुसायची नाही. सकाळी उजाडल्यावर बघा. डाग रेघेबाहेर आला तर आंघोळ, विधी काही न करता थेट इकडं. आत राहिला तरी आठ वाजता यायचंच. औषधं लिहून देते. गालाला हळद नाही, मेकअप नाही, होमाचा धूर नाही."

"आन् लगीन?" लडकूने विचारलं. तो एसटीने मागाहून येऊन जिन्यात उभा होता, आत यायला धजत नव्हता.

"लग्न करा की. गालाला विचारून करा."

लडकूने तिथूनच टोकावड्याला व्याह्यांना फोन लावला. हिराबाईने त्याच्या हातातून तो घेतला. "मी बोलते." विहीणबाई पलीकडे आल्यावर तिने आडपडदा ठेवला नाही. खळगा, सुई, खोटं, सगळं सांगितलं. मग विहीणबाई म्हणाल्या, "मुहूर्त साडेबाराचा हाय. तुमी इकडं एक वाजता आलात तरी चालेल. भटजींना मी बघते. आन् हिराबाई, पोरीला काय खायला दिलंत का सकाळपासनं?"

कोणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायला लागलं तेव्हा मांडवात पाहुणे झोपलेले होते. हिराबाईने सारिकाला ओसरीच्या कडेला आणलं, जिथे पहिला उजेड येतो. गालावरची जाळी ओसरली होती. तिने ओठाच्या कोपऱ्यावर डॉक्टरणीने लावलेली पट्टी ओल्या बोटाने भिजवून हळूच सोडवली.

"काय दिसतंय?" सारिकाने विचारलं. "आन् तेवढंच हाय म्हणू नको. आहे ते सांग."

हिराबाई वाकून बघत राहिली. निळी रेघ जशीच्या तशी होती. डाग तिच्या आत होता, एका बाजूने तांदळाच्या दाण्याएवढा मागे सरकलेला. उरलेला मात्र काळाच होता, वाळून खपली धरू लागलेला.

"रेघेच्या आत हाय," ती म्हणाली. "थोडा मागं गेलाय. पण मधला भाग मेलाय, सारके. तिथं डाग राहणार."

सारिकाने बोट उचललं, डागाला लावलं नाही, नुसतं त्याच्या भोवती रेघेवरून हवेत फिरवलं.

"एवढा?"

"एवढाच."

"रोशनला उठव मग," ती म्हणाली आणि पायात चप्पल सरकवली. "आठला पोचायचंय."